बोटभर जास्तीचं कापड

१३ जानेवारी, मंगळवार

सुई बोटात गेली. चांगली खोल. आणि कारण ती!

बँकेतल्या बाईंच्या कोटाची बाही लावत होते. सूनबाई वही घेऊन आली, माझ्यासमोर स्टुलावर बसली आणि म्हणाली, "आई, खपवून घेणे म्हणजे काय?"

एवढी भाषा पडली आहे आणि हिला नेमका हाच शब्द हवा! काल संध्याकाळी वन्संचा फोन होता. सून कशी आहे विचारत होत्या. मी म्हटलं, काय करणार, खपवून घेते झालं. ही तेव्हा स्वयंपाकघरात भांडी विसळत होती. नळ चालू होता. म्हणजे नळ नुसता दाखवायला चालू होता.

विचारलं, कुठे ऐकलास? म्हणाली, "घरात." एवढंच. चेहऱ्यावर काही नाही.

आता खरं सांगायचं तर काय सांगणार? माणूस नकोसा झाला तरी उपकार केल्यासारखं त्याला ठेवून घेणं — असं? पुढचा प्रश्न तयारच असणार, की मग तुम्ही कोणाबद्दल बोलत होतात. हातात बाही होती, तीच पुढे केली. सांगितलं, हे बघ. बाहीची गोलाई मुंढ्यापेक्षा, म्हणजे ती जिथे जोडायची त्या खांद्याच्या घेरापेक्षा, बोटभर जास्त कापलेली असते. सरळ शिवायला गेलं तर बसत नाही. मग कडेने धावदोरा घालायचा, हलक्या हाताने ओढायचा आणि ते जास्तीचं कापड थोडं थोडं मुंढ्यात जिरवायचं. एक चुणी दिसता कामा नये. याला म्हणतात खपवून घेणं. माणसाचंही तसंच.

तिला पटलं. पटलं म्हणजे किती! विचारते, "मग जास्तीचं कापड चूक नाही?" म्हटलं, मुळीच नाही. ते लागतंच. नाहीतर घालणाऱ्याचा हात वर होत नाही. तिने वहीत बाहीचं चित्र काढलं, बारीक टाके घालून. छान काढलं.

खोटं बोलले. पण सफाईने बोलले.

१४ जानेवारी

वही उशीखाली ठेवते. टेबलावर नाही, कपाटात नाही — उशीखाली! चादर बदलताना दिसली. हात लावला नाही.

१६ जानेवारी

वन्संचा पुन्हा फोन. वहीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "वहिनी, सावध राहा गं. हल्लीच्या मुली तारीखवार लिहून ठेवतात सगळं. पुढेमागे दाखवायला."

तारीखवार! मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

तसं तिचं म्हणणं की वही परीक्षेसाठी आहे. ती शिकलेली औषधांचं, पण आपल्या भाषेची परीक्षा दिल्याशिवाय इथे तिला कोणी दुकानात उभं करणार नाही. लग्न होऊन सात महिने झाले. आली तेव्हा तिला 'पाणी' आणि 'नमस्कार' एवढंच येत होतं. आता बरीच बोलते. पण परीक्षेला हाच शब्द कशाला लागतो? औषध काय खपवून घ्यायचं असतं?

आणि घर माझ्या नावावर आहे, हे चिरंजीवांनी तिला सांगितलं असणारच. वन्संना तेच वाटतं. मला तसं वाटत नव्हतं, पण आता वाटायला लागलंय.

मीही तारीखवार लिहिते. पण मी लिहिते ते वेगळं.

१८ जानेवारी, रविवार

आज सकाळपासून त्या एका शब्दाच्या मागे लागली आहे. लहान माणूस मोठ्याला खपवून घेऊ शकतो का? एकाच वेळी दोघांनी एकमेकांना घेतलं तर चालतं का? सासूला म्हणता येतं का? — हे विचारताना माझ्याकडे बघत होती! मी चष्मा पुसला.

शेवटी तिला कामाला लावलं, म्हटलं काजं कर. ती करत बसली आणि मी मशिनवर विचार करत बसले. एवढी वर्षं तोंडात असलेला शब्द, पण कधी उलटून पाहिला नव्हता. सोसणं वेगळं. दुखणं सोसतात, ऊन सोसतात. त्यात निदान ज्याला दुखतं त्याचा मान असतो. चालवून घेणं वस्तूंचं. कपाचा कान तुटला, चालवून घेतलं. सहन करणं अर्जात लिहायचं. पण खपवून घ्यायला समोर माणूसच लागतो, आणि खपवून घेणारा स्वतःला एक पायरी वर समजतो. मी तुला घेतलं आहे, विसरू नकोस! असं त्याच्या पोटात असतं.

माझ्या सासूबाई मला सांगायच्या, त्याचा स्वभाव आहे, खपवून घे. 'त्याचा' म्हणजे माझ्या नवऱ्याचा. मी कुठली वरच्या पायरीवर होते? पण तेव्हा तो शब्द मी मिरवला. सगळी गल्ली म्हणायची, काय समजूतदार बाई आहे. एकतीस वर्षं म्हणत होती.

काजं चांगली केली आहेत. दोन उसवावी लागली.

२० जानेवारी

सापळा लावला. फोन बंद होता, तरी कानाला लावला आणि मोठ्याने म्हटलं, आमची सून फार गुणाची आहे. ती आतून आली आणि न मागता पाणी ठेवून गेली. म्हणजे ऐकते!

२३ जानेवारी

शरमेने मान खाली गेली आज.

बँकेतल्या बाई कोट न्यायला आल्या होत्या. घालून पाहिला, हात वरखाली केले, खूश झाल्या. मग सुनेकडे वळून विचारलं, काय गं, रमलीस का इथे? माणसाने हो म्हणावं, हसावं, विषय संपवावा. तर ही ताठ उभी राहून म्हणाली, "हो! माझा नवरा मला खपवून घेतो."

बाईंचा हात कोटाच्या बटणावर तसाच राहिला. माझ्याकडे पाहिलं. मी टेपची गुंडाळी करत बसले. आणि ही हसतेय, कोणी बक्षीस दिल्यासारखी! बाई गेल्या तेव्हा दारात माझा हात दाबून गेल्या. आता बँकभर होईल.

तिला बोलणार काय? अर्थ मीच शिकवलेला. पण इतकी भोळी असते का कोणी? मला वाटतं, तिला खरा अर्थ पहिल्यापासून ठाऊक आहे. माझ्याच तोंडचा शब्द घेऊन, माझ्याच घरात, माझ्याच गिऱ्हाइकासमोर माझ्या मुलाची अब्रू काढली आणि वर साळसूद. ताकास तूर लागू देत नाही.

चिरंजीवांच्या कानावर घालायचं होतं. ते आले, जेवताना फोन बघत होते, उठले आणि गॅलरीत जाऊन दार लावून बोलत बसले. ऑफिसचं काहीतरी असतं हल्ली रोज.

२७ जानेवारी

जिन्यात पाटी लागली आहे! सोसायटीच्या चिटणीसांनी लावली. 'जिन्यात कचरा टाकणे यापुढे खपवून घेतले जाणार नाही.' ठळक अक्षरात, आमच्याच मजल्यावर.

सकाळी तिला बाजारात जायचं होतं. म्हटलं, मी जाते. दुपारी पोस्टात जायचं होतं. म्हटलं, उद्या जा. तिसऱ्यांदा काही सुचेना. ती गेली आणि पाच मिनिटांनी परत वर आली.

"आई, कचरा पण बाहीत घालतात?"

मी म्हटलं, छे, म्हणून तर नाही म्हटलंय ना! कचरा कसा जिरेल मुंढ्यात? तिने मान हलवली. बराच वेळ मशिनच्या सुईकडे बघत उभी राहिली, मग खोलीत गेली. पटलं असावं.

३० जानेवारी

तीन दिवस एकही शब्द विचारलेला नाही. म्हणजे शिजतंय काहीतरी.

२ फेब्रुवारी

बॅग घेऊन आली. माळ्यावरची निळी, येताना आणलेली. म्हणाली, "आई, हिची चेन बिघडली आहे. लावून द्याल?"

विचारलं, कुठे जायचंय? "आत्ता नाही." मग चेन कशाला? "असू दे चांगली."

रिकाम्या बॅगेची चेन कोणी हौसेने बदलून घेतं का? मी अस्तर चाचपलं, आतले कप्पे उलटे केले. काही नाही. एका कप्प्यात आमच्या गल्लीचा पत्ता लिहिलेला कागद, तिच्या लिपीत आणि खाली आपल्या. सात महिन्यांपूर्वीचा असणार, घडीवर झिजलेला. परत ठेवला.

चेन मात्र जाड घातली, पितळेची. काम ते काम.

वन्संना सांगितलं. त्या म्हणाल्या, बघ, दागिने मोजून ठेव. मी मोजले. सगळे आहेत. मोजताना माझी मलाच लाज वाटली, पण मोजले.

६ फेब्रुवारी

तिची परीक्षा आज. सकाळी पाया पडली आणि गेली. वही न्यायला विसरली की मुद्दाम ठेवली, कोण जाणे.

लिहितेच आता, लपवायचं कोणापासून! हात धुतले आणि उशी उचलली.

वही बहुतेक तिच्या भाषेत आहे. मला त्यातलं एक अक्षर कळत नाही. पण शब्द आपल्या लिपीत, मोठ्या गोल अक्षरात, आणि प्रत्येकापुढे तारीख. वन्सं म्हणाल्या तसंच, तारीखवार! पानं उलटली. चिमटा. उंबरा. बोटभर. हळूहळू. घाई नको. — हे तर सगळं माझंच बोलणं! पण वाईट एकही नाही. मी तिला ओरडले होते ते कुठेच नाही. 'घाई नको'पुढे हसरा चेहरा काढलाय.

मग तो शब्द आला. त्याच्यावर एक पूर्ण वाक्य होतं, ऐकून ऐकून लिहिल्यासारखं, दोन ठिकाणी खोडलेलं:

अजून किती दिवस खपवून घेऊ मी हिला.

पुढे — गॅलरी. फोन. त्याच्यापुढे माझ्या मुलाचं नाव. आणि तारीख ११ जानेवारी.

अकरा! मी माझी ही वही काढून पाहिलं. वन्संशी मी बोलले ते बाराला. तिने मला विचारलं तेराला. म्हणजे तिने माझं काही ऐकलंच नव्हतं. नळ खराच चालू होता.

तिने नवऱ्याच्या तोंडचं वाक्य ऐकलं, कळलं नाही म्हणून जपून लिहून ठेवलं, आणि अर्थ विचारायला आली कोणाकडे तर माझ्याकडे. मी तिला बाही दाखवली! त्या वाक्याखालीच ते चित्र आहे, टाक्यांसकट. म्हणजे माझा मुलगा फोनवर कोणालातरी सांगतोय की मी हिच्यासाठी अजून किती दिवस हलक्या हाताने जागा करू — असं समजून ही पोर दोन आठवडे घरभर हसत फिरली. बँकेतल्या बाईंना ती अब्रू काढायला नव्हे, अभिमानाने सांगत होती. खरोखर सांगत होती.

खाली २७ जानेवारी. पाटीवरचं वाक्य, जसंच्या तसं. आणि बाहीच्या चित्रावर एक आडवी रेघ. एकच, पट्टीने मारलेली.

वही होती तशी ठेवली. दुपारभर मशिनला बसले, पण एक टीप सरळ आली नाही.

७ फेब्रुवारी

चिरंजीवांना गॅलरीत गाठलं. ती खाली गेली होती. सरळ विचारलं, अकरा तारखेला फोनवर बायकोबद्दल कोणाला काय म्हणत होतास?

नाकबूल करेल असं वाटलं होतं. निदान गडबडेल. तर म्हणतो, मित्राशी बोलत होतो, का? मग स्वतःच सगळं सांगून मोकळा झाला. बदली मागून घेतली आहे. तेराला हजर व्हायचंय. एकटाच जाणार. तिला अजून सांगितलेलं नाही. तिच्याबरोबर चारचौघांत जायची लाज वाटते, प्रत्येक वाक्य दोनदा सांगावं लागतं, कंटाळा आला. तो गेला की मग मीच तिला सावकाश समजवावं की तू आता तुझ्या माहेरी जा. माझं ती ऐकते म्हणे.

मी म्हटलं, आणि तोवर?

"तोवर तूही खपवून घे ना, आई. तुला सवय आहे."

तुला सवय आहे.

हे त्याने प्रेमाने म्हटलं. खरंच प्रेमाने, खांद्यावर हात ठेवून. त्याचे वडील असाच हात ठेवायचे. मला राग आला — त्याचा आला, त्याच्या वडिलांचा आला आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा आला. महिनाभर मी चोर पकडायला निघाले होते आणि डोळ्यात तेल घालून पाळत ठेवली ती कोणावर! मुलाने रोज दार लावून फोन केले, त्याच्यावर मला एकदाही संशय आला नाही. ऑफिसचं असेल म्हटलं.

त्याला सांगितलं, तिला तू सांगायचंस. तोंडाने, समोर बसून, बदलीचंही आणि कंटाळ्याचंही. मी सांगणार नाही. आणि तिने जायचं की राहायचं ते ती ठरवेल. घर माझ्या नावावर आहे.

हे वाक्य वन्संनी मला तिच्यासाठी पाठ करायला लावलं होतं. ऐकून त्याचा चेहरा पडला.

९ फेब्रुवारी

त्याने काल सांगितलं.  मग तो बाहेर निघून गेला.

आज ती नेहमीसारखी स्टुलावर येऊन बसली. वही नव्हती. मीच तोंड उघडलं. म्हटलं, मी तुला खोटा अर्थ सांगितला होता. मला वाटलं, तू माझं फोनवरचं ऐकलंस. मीही तसंच म्हटलं होतं तुझ्याबद्दल.

ती म्हणाली, "अर्थ खोटा होता, माहीत आहे, आई. पाटी वाचली तेव्हा कळलं."

मग बोलली का नाहीस?

शब्द शोधायला तिला वेळ लागला. मी घाई केली नाही. "तुमचा अर्थ चांगला होता. आणि बाही खरी होती ना? मी कोट आतून बघितला. एक पण चुणी नव्हती."

मला रडू आलं. गिऱ्हाईक आलं असतं तरी आवरलं नसतं. चष्मा काढून बसले. बॅगेचं तिने स्वतःहून सांगितलं. निकाल लागला की बहिणीकडे जायचं, असं तिने पाटीच्या दिवशीच ठरवलं होतं. मला न सांगता जाणार नव्हती, पण कसं सांगायचं याचे शब्द जमवत होती.

म्हटलं, राहा. उपकार म्हणून नाही गं. मला तू लागतेस घरात. सकाळी स्टुलावर कोणी नसलं की मला काम सुचायचं नाही. यापेक्षा चांगलं मला बोलता येत नाही.

माझ्या बोटावर जुनी सुई लागल्याची खूण होती, ती तिने अंगठ्याने दाबून पाहिली, दुखतं का म्हणून. मग उठून आत गेली.

११ फेब्रुवारी

निकाल लागला. पास झाली. कोणी हसलं नाही घरात.

संध्याकाळी खोलीत बॅग भरत होती. दार लावलेलं होतं, पण चेन ओढल्याचा आवाज आला. मी घातलेली, पितळेची. कुठे अडली नाही. तिला थांब म्हणायला उठले आणि परत बसले. ठरवायचं तिने, असं मीच म्हटलं होतं.

१२ फेब्रुवारी

बॅग सकाळी सातला गेली. तिची बॅग, आत कपडे त्याचे. तिनेच भरून दिली, घड्या घालून. त्याने घराची किल्ली मशिनवर ठेवली. मी उचलून तिच्या हातात दिली.

दुपारी तिने पहिली बाही लावली. आतून उलटून पाहिली, मागच्या बाजूला एक चुणी होती, बारीक. म्हटलं, उसव. हे मी खपवून घेणार नाही.

ती हसत सुटली. मग कात्री मागितली.